साकोली-भंडारा मार्गे

"लाखनीच्या पुढं थांबू," शामकला स्वयंपाकघरातून म्हणाली. "तिथं चिंचेखाली एक चहावाली बाई हाय. आलं ठेचून टाकते. बसाले दोन खाटा बी हायेत."

मी जेवणाच्या टेबलाशी बसून कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे रविवारचं वेळापत्रक लिहीत होतो. वर 'डबा – पोळ्या, भाजी' आणि खाली 'साकोली – पोहोच ९.००, सुट ९.१०' इथपर्यंत लिहून झालं होतं. पुढे लाखनी, म्हणून 'ला' काढला आणि हात तिथंच थांबला. शामकलाचा आणि माझा संसार तेहतीस वर्षांचा. एवढ्या काळात ती नागपूरला एकदाच गेली, रचनाच्या अॅडमिशनच्या वेळी, माझ्यासोबत, आणि तीही रेल्वेनं. सडकेनं ती साकोलीच्या पुढे कधी गेलेली नाही. साकोलीला तिच्या मामाचं घर, तिथून परत. मग लाखनीच्या पुढची चिंच तिला कोणी दाखवली? मी स्वतः एकतीस वर्षं गोंदियाच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. नागपूरच्या गाड्या सोडता सोडता केस पिकले, पण ती चिंच मलाही माहीत नाही. नियंत्रकाचं असंच असतं, साऱ्या जगाला गावाला लावायचं आणि आपण खिडकीत. विचारावं म्हणून तोंड उघडलं, पण तिकडे पोळपाटाचा आवाज सुरू झाला होता. ती नेहमीपेक्षा जोरात लाटत होती.

त्याच्या पाचच मिनिटं आधी आमचं वाजलं होतं. वाजलं म्हणजे काय, मी बोललो आणि ती बोलली नाही; आमच्या घरात भांडण म्हणतात ते एवढंच. मी वेळापत्रक लिहिण्याआधी मोठ्यानं सांगत होतो. गोंदिया सुट साडेसात, गोरेगाव आठला पाच कमी, मुरदोलीच्या जंगलात गाडी हळू, कोहमाऱ्याला मोठ्या सडकेवर चढायचं, साकोली, लाखनी, भंडारा, मौदा, नागपूर पोहोच अकरा. परतीची सुट चार. "अन जेवन?" तिनं विचारलं. मी म्हणालो, पोळ्या आणि वांग्याची भाजी डब्यात घे, लाखनीच्या आसपास सावली बघून गाडीतच खाऊन घेऊ. "साडेनवाले? भूक तरी लागन का?" मी म्हणालो, लागो न लागो, खाऊन घ्यायचं, म्हणजे तिथं प्रश्न नाही. मग मी ते वाक्य बोललो, जे आठ दिवस तोंडात घोळवत होतो. "लेकरू झाल्याशिवाय पोरीच्या घरी जेवत नाहीत. चहा-पाणी ठीक आहे. अन्न नाही. रीत आहे." माझ्या बापानं ती पाळली होती. माझ्या बहिणीकडे तिरोड्याला जाताना तो धोतराच्या सोग्यात मुरमुरे बांधून न्यायचा आणि तिच्या अंगणात, तिच्या डोळ्यांदेखत, ते फाके मारत खायचा. खुशालचा जन्म झाला तेव्हा कुठं त्यानं तिच्या चुलीचा भात खाल्ला. शामकला उठून स्वयंपाकघरात गेली. आणि मग पाच मिनिटांनी ती चिंचेवर आली.

रचना आमची एकुलती एक. सहा वर्षांपूर्वी तिनं लग्न केलं, चंद्रशेखर रामटेके याच्याशी. मुलगा चांगला, सरकारी नोकरीत, बोलायला मऊ. आम्ही पोवार, ते बौद्ध. हे दोन शब्द कागदावर शेजारी लिहायला मला सहा वर्षं लागली, हे आधीच कबूल करतो. तेव्हा मी आरडाओरडा केला नाही, मारलं नाही, कोणाच्या पोटात चाकू खुपसायच्या गोष्टी केल्या नाहीत. मी फक्त म्हणालो, "नागपूर लांब आहे. तिकडंच राहा." फार सभ्य माणूस मी. त्यानंतर कोणी विचारलं, पोरगी येत नाही का, की हेच उत्तर द्यायचो, नागपूर लांब पडतं. समोरचा मान हलवायचा. ज्या माणसानं आयुष्यभर दिवसाला नागपूरच्या सोळा गाड्या सोडल्या तो नागपूर लांब आहे म्हणतो आणि लोक मान हलवतात, यात लोकांची सभ्यता आली. परवा खुशालनं त्याच्या मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. गोंदिया ते नागपूर, दोन तास पन्नास मिनिटं. निळी रेघ, वितीएवढी. "मामाजी, दो घंटा पचास मिनिट. सवेरे जाके शाम को वापस." मला आकडे कळतात. मी तो आकडा बघून बाथरूममध्ये गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

जून महिन्यात मी रिटायर झालो. घरात बसल्यावर माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येतो आणि तो काही फार बरा नसतो. मागच्या गुरुवारी शामकला बाजारात गेली असताना तिचा फोन वाजला, मी उचलला. पलीकडून "आई" असा आवाज आला. मी काहीच बोललो नाही तेव्हा, "बाबा?" सहा वर्षांनी. मग तिनं घाईघाईनं सांगितलं, मी फोन ठेवीन या भीतीनं असेल, "बाबा, एखाद्या रविवारी या ना. सकाळी निघा, संध्याकाळी परत जा. राहू नका हवं तर." मी म्हणालो, येतो. कसं निघालं तोंडातून कोण जाणे. मग ती म्हणाली, "जेवायला काय करू?" आणि मी म्हणालो, "बघू." यावर ती गप्प झाली. मी गाड्यांच्या घोषणा करणारा माणूस, मला शांततेची लांबी मोजता येते. ती शांतता चांगली मोठी होती. "बरं," ती म्हणाली. खुशाल गाडी चालवायला तयार होता, मीच नको म्हटलं. खुशाल भाचा, मान मोठा, पण त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी रामटेक्यांकडे जेवलो की नाही जेवलो, दोन्ही बातम्या त्यानं दिवस मावळायच्या आत साऱ्या गोतात पोचवल्या असत्या. म्हणून मी स्वतःच चालवणार होतो, जी गाडी मी आजवर गोरेगावच्या पुढे कधी नेली नाही ती. रेल्वेनं जा, दोन तासांत पोचाल, असं सगळे म्हणतात. पण स्टेशनवर ओळखीचे शंभर लोक भेटतात आणि प्रत्येक जण विचारतो, कुठं निघालात.

जेवून मी गाडी पुसायला बाहेर आलो, पण गाडी पुसता पुसता डोक्यात ती चिंचच होती. रचना लहान असताना शाळा सुटली की स्टँडवर यायची. माझ्या खिडकीत स्टुलावर बसून डबा खायची. मी माइकवर बोललो की ती मान डोलवून सोबत म्हणायची, गोंदिया-नागपूर, गोरेगाव, कोहमारा, साकोली, लाखनी, भंडारा, मौदा. तिला पाढ्यांच्या आधी थांबे पाठ झाले. मौदा झालं की मी मुद्दाम थांबायचो आणि ती खिडकीतून ओरडायची, "नागपूर!" ड्रायव्हर हसायचे. पुढे ती खरंच नागपूरला शिकायला गेली तेव्हा दर सोमवारी पहाटे मी तिला साडेपाचच्या गाडीत दारामागच्या सीटवर बसवायचो, कंडक्टरला सांगायचो, नीट ने. पोरीला गाडीत बसवून देणं एवढीच माझी माया करायची पद्धत होती. शामकलालाही मी तसंच बसवलं होतं एकदा, त्याच गाडीत, त्याच सीटवर. हे आठवलं आणि हातातलं फडकं थांबलं.

चार वर्षांपूर्वीचा जुलै. भाताच्या रोवणीचे दिवस. माझी पहाटेची ड्युटी. आदल्या दिवशी रात्री शामकला म्हणाली, सुशीलाकडे रोवणीला बाया मिळून नाही राहिल्या, मी उद्या गोरेगावले जातो. सुशीला तिची धाकटी बहीण. मी तिला पावसात स्कूटरवर मागे बसवून स्टँडवर आणलं आणि साडेपाचच्या नागपूर गाडीत बसवलं. कंडक्टर सुकराम होता. "गोरेगावले उतरवजो बापा," म्हणालो. मग खिडकीत जाऊन मीच माइक उघडला, साकोली-भंडारा मार्गे नागपूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवरून सुटत आहे. ती रात्री घरी आली ती नऊ वाजून गेल्यावर. म्हणाली, सुशीलानं जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर रजिस्टर बघताना दिसलं होतं, नागपूरहून येणारी गाडी पंचावन्न मिनिटं उशिरा. कारण, लाखनीच्या पुढे तांदळाचा ट्रक आडवा, वाहतूक बंद. पंचावन्न मिनिटं गाडी उभी राहिली तर माणसं खाली उतरतात. चिंचेखाली चहा मिळत असेल तर चहा पितात. आलं ठेचून टाकलेला. एकतीस वर्षं गाड्यांचे उशीर लिहून ठेवणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा उशीर जुळवायला चार वर्षं लागली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि एकदा ती रात्र आठवायला लागली की थांबेना. आल्या आल्या ती घरात न शिरता मागच्या अंगणातूनच मोरीत गेली होती. डोक्यावरून पाणी घेतलं. लुगडं तिथंच भिजवून टाकलं. मी पेपर वाचत बसलो होतो आणि मला गंमत सुचली. मी म्हणालो, "रोवणीला गेली होती की मयतीला?" आणि हसलो. ती केस पुसत म्हणाली, "चिखल होता डोक्यात." मी पुन्हा हसलो. ती माझ्यासमोर पाटावर बसली होती, पाय लांब करून. रोवणी करून आलेल्या बाईचे पाय मी लहानपणापासून पाहिलेत. दिवसभर बांधीच्या पाण्यात उभं राहून ते पांढरे, सुरकुतलेले होतात, नखांत काळी माती बसते, ती आठ-आठ दिवस निघत नाही. तिचे पाय स्वच्छ होते. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणून तर आज आठवलं.

गाडी अर्धी पुसलेली तशीच ठेवून मी स्टँडवर गेलो. रस्त्याची माहिती काढतो असं शामकलाला सांगितलं. सुकराम उपहारगृहाबाहेर बाकावर बसला होता, दुपारच्या गाडीला वेळ होता. मला बघून उठला, "या साहेब, चाय पियो." मी रस्त्याचं विचारलं. त्यानं भराभर सांगितलं, कुठं पूल, कुठं वळण. मी म्हणालो, "लाखनीच्या पुढे चिंचेखाली चहा मिळतो म्हणे." "मिळते ना," तो म्हणाला आणि कपात बघायला लागला. रिटायर होईपर्यंत या माणसासोबत मी रोज चहा प्यायलो होतो. "सुकराम," मी म्हणालो, "त्या दिवशी ती गोरेगावला उतरली नाही."

"नाई साहेब."

"तू मला सांगितलं नाहीस."

"काऊन सांगू? मी कंडक्टर हावो, पाशिंजर जेथलं तिकीट मांगते तेथलं देतो." मग जरा वेळानं हळूच, "मले वाटलं तुमाले मालूम असन. मंग वाटलं, मालूम नसन तं बरंच हाय. येताना बी माह्याच गाडीत होत्या बाई. मांडीवर एक डबा घेऊन बसल्या होत्या. लाखनीले सारे उतरले, त्या उतरत नोयत्या. मीच म्हनलो, बाई, घोटभर चाय घ्या. तुमी घरीच विचारा ना साहेब. मले कायले विचारून राहिले?"

मी निघालो. मागे माइकवर नवा नियंत्रक बोलत होता, त्याचा उच्चार वाईट आहे, भंडाऱ्याला भंडरा म्हणतो. एरवी मी परत जाऊन सांगितलं असतं. रस्ताभर मला तो डबा दिसत होता. स्टीलचा, कडीचा. तो त्या रात्री ओट्यावर होता. सकाळी उघडला तर डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं घातलेले, भरपूर तुपातले. मी म्हणालो, ऐन पावसाळ्यात डिंकाचे लाडू? ती म्हणाली, सुशीलाची कंबर दुखते, तिच्या सासूनं केले, थोडे आपल्याले दिले. मी आठ-दहा दिवस रोज एक खाल्ला. ड्युटीवरही नेला. सुशीलाच्या सासूच्या हाताला चव आहे, असंही म्हणालो. डिंकाचे लाडू कोणासाठी करतात हे पाचवीतल्या पोरालाही कळतं. बाळंतिणीसाठी करतात. स्टँडपासून घर पंधरा मिनिटांचं, मला तास लागला. बाजाराच्या कोपऱ्यावर एका दुकानाच्या पायरीवर मी बसून राहिलो. दुकानदार म्हणाला, "क्या हुआ अंकल, पानी दूँ?" मी नको म्हणालो.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. शामकला दारात तांदूळ निवडत बसली होती. मी चपला न काढता तिच्यासमोर पायरीवर बसलो. कसं विचारायचं हे ठरवून आलो होतो, पण ते सगळं रस्त्यातच राहिलं. "मुलगा की मुलगी?" एवढंच निघालं.

ती थांबली नाही. दोन खडे वेचून बाजूला टाकले. "पोरगी. नऊ दिवस होती."

"नाव?"

"बारावा दिवस कोठी उजाडला? नाव कायचं?" मग सूप खाली ठेवलं. "जवायाचा फोन आला राती. म्हने, आई, येऊन जा, नाई राहणार ते. मी पोचली तं काचेच्या पेटीत होती. बोटात बोट धरलं तिनं माह्या. दुपारी गेली. रचना म्हने, बाबाले सांगू नको. म्हने, बाबा आले नाई तं मले सहन होनार नाई. सांगतलंच नाई तं असं वाटते, मालूम असतं तं आले असते."

आलो असतो का मी? चार वर्षांपूर्वीचा मी, पेपर वाचत मयतीची थट्टा करणारा? खरं सांगायचं तर मला माहीत नाही, आणि माहीत नाही याचंच मला रडू आलं. शेजारचा पोरगा सायकलवरून जाताना बघत गेला, बघू दे. "ते लाडू?" मी म्हणालो.

"रचनाच्या सासूनं केले होते. दोन किलोचे. मी निघाली तं म्हने, ताई, घेऊन जा, घरात राहिले तं पोरगी पाहून पाहून रडते. फेकाले हात होत नाई."

"मग मला का खाऊ घातलेस?"

"मंग कोनाले घालू?" ती पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघून बोलली. "त्या लेकराच्या नावाचे होते. कोनी तरी खाले पायजे होते तिच्या घरचं. तुमी आजा होता तिचा." मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "रीत सांगून राहिले सकाळी. लेकरू झाल्याशिवाय जेवत नाई म्हने. झालं होतं ना. अन जेवले बी तुमी. आठ दिवस. चांगलं हाय म्हनून जेवले. आता रीतीच्या मागं लपू नोका. जात आडवी येत असन तं जात म्हना, मी रचनाले तसं सांगतो."

मी तांदूळ बघत होतो. माझा बाप मुरमुरे फाकत बसलाय आणि माझी बहीण चुलीपाशी उभी राहून त्याच्याकडे बघतेय, तिचा चेहरा मला आज पहिल्यांदा नीट दिसला. त्या दिवशी तिच्या चुलीवर भात शिजलेला होता. बापाला वास येत नसेल असं नाही.

मी आत गेलो. टेबलावर कॅलेंडरचं पान तसंच होतं, 'ला' पर्यंत लिहिलेलं. मी शब्द पुरा केला. लाखनी, पोहोच ९.३०, सुट ९.४५, चहा. डब्याची ओळ खोडली. मग शामकलाचा फोन घेतला आणि गुरुवारच्या कॉलमध्ये रचनाचा नंबर शोधला. तो 'सुशीला २' म्हणून साठवलेला होता. माझ्या भीतीनं माझ्या पोरीला माझ्याच घरात मावशीचं नाव घेऊन राहावं लागलं होतं. मी बटण दाबलं.

"हां आई," ती म्हणाली.

"मी आहे," मी म्हणालो. "रविवारी आम्ही उपाशी येतो. सासूबाईंना सांग, त्यांच्या हातचं जेवायचं आहे. लाडू चांगले झाले होते, तेही सांग."

पलीकडे काहीच नाही. आधीच्या शांततेपेक्षाही ही मोठी होती. मग नाक ओढल्याचा आवाज, आणि मग ती, स्टुलावर बसून विचारायची तशी, "गाडी किती वाजता सुटणार?"

"साडेसात."

"कोणत्या मार्गे?"

शामकला दारात येऊन उभी होती. मी माइकवर बोलायचो तसा घसा साफ केला. गोरेगाव, मी म्हणालो, कोहमारा, साकोली, लाखनी. एवढंच जमलं. भंडारा आणि मौदा पलीकडून रचनानं सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही थांबलो.